७० मीटर हिरव्या कुंपणासाठी यंत्र निवडताना: तीन हेज ट्रिमर वापरून पाहिल्यानंतरचे मत

तळेगाव दाभाड्याच्या आमच्या घराचे आवार सहा गुंठ्यांचे आहे. त्याच्या एका बाजूला दगडी भिंत आहे आणि उरलेल्या तीन बाजूंना मिळून सुमारे ७० मीटर लांबीचे हिरवे कुंपण आहे. ते माझ्या सासऱ्यांनी लावले. एकाच जातीची रोपे न आणता त्यांनी रस्त्याच्या अंगाला कोयनेल, पूर्वेला मेंदी, मागच्या बाजूला जास्वंद आणि विहिरीजवळच्या छोट्या तुकड्यात सोनेरी पानांचा दुरांता लावला. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, पुढे लिहिलेला जवळजवळ प्रत्येक निष्कर्ष या चार झाडांनी मला शिकवलेला आहे. अनेक वर्षे आमचे माळीकाका हे कुंपण दोन हातांच्या कात्रीने छाटत असत. पावसाळ्यात कोयनेल दर तीन आठवड्यांनी कापावी लागते, आणि एका पावसाळ्यात त्यांचा उजवा खांदा असा आखडला की अर्धी बाजू कापून झाल्यावर ते पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी कुंपण छाटण्याचे यंत्र, म्हणजे हेज ट्रिमर, घ्यायचे ठरले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत तीन प्रकारची यंत्रे आमच्या हातून गेली. पहिले वायरवर चालणारे, जे जाऊबाईंकडून दोन महिन्यांसाठी आणले होते. दुसरे पेट्रोलचे, जे मी संकेतस्थळावरून मागवले आणि ज्याचा पश्चात्ताप झाला. तिसरे १८ व्होल्टच्या बॅटरीचे, जे आज आमच्याकडे आहे. यंत्र घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी मोटर किती वॅटची आणि पाते किती लांबीचे हे विचारतो, आणि मीही तेच विचारले होते. आता कोणी मला विचारले तर मी आधी त्याच्या कुंपणाचे झाड कोणते ते विचारते आणि मग यंत्राच्या दोन दात्यांमधले अंतर किती आहे ते पाहायला सांगते.

हेज ट्रिमरची रचना साधी असते. दातेरी कडेच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींवर बसवलेल्या असतात आणि मोटर त्यांना मिनिटाला हजारो वेळा पुढे-मागे सरकवते. दोन दात्यांच्या मधल्या फटीत फांदी शिरते आणि पट्टी सरकली की कात्रीसारखी कापली जाते. जी फांदी फटीत शिरतच नाही, ती कितीही ताकदीच्या मोटरने कापली जाणार नाही. यंत्र तिच्यावर नुसते थरथरत राहते आणि साल मात्र सोलवटून निघते. म्हणून दात्यांमधले अंतर हे यंत्राचे खरे माप आहे. प्रत्यक्षात त्या अंतरापेक्षा चार-पाच मिलिमीटर कमी जाडीच्या फांद्याच सहज कापल्या जातात, कारण अगदी फटीएवढी ओली फांदी आत शिरली तरी अडकून बसते.

हे माप अनेकदा यंत्राच्या नावातच दिलेले असते, पण दुकानात ते कोणी समजावून सांगत नाही. बॉशच्या एएचएस मालिकेचे उदाहरण घेता येईल. एएचएस ४५-१६ या नावात ४५ म्हणजे पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि १६ म्हणजे दात्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये. मोटर ४२० वॅटची. त्याच मालिकेत ५०-१६, ५५-१६ आणि ६०-१६ अशी यंत्रे होती. पाते लांब होत गेले, पण १६ हा आकडा तसाच राहिला, म्हणजे लांब पात्याचे यंत्र घेऊनही जाड फांदी कापण्याची क्षमता वाढत नव्हती. जाड फांद्यांसाठी त्यांचे ७०-३४ हे यंत्र निराळे होते आणि त्याची मोटर ७०० वॅटची होती. नंतरच्या मालिकांमध्ये नावे बदलली, तरी हे दोन आकडे माहितीपत्रकात किंवा खोक्यावर मिळतातच. पैसे देण्याआधी ते शोधून काढावेत, आणि विक्रेत्याला सांगता आले नाहीत तर खिशातली पट्टी लावून स्वतः मोजावे. मी पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानात हेच केले आणि दुकानदाराला त्यात वावगे काही वाटले नाही.

आता झाडांकडे वळते, कारण खरा विषय तोच आहे. कोयनेल हे आपल्याकडचे कुंपणाचे सर्वांत सरळ स्वभावाचे झाड आहे. शेळ्या-गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती गावोगाव लावली जाते. तिचे नवे कोंब हिरवे, रसाळ आणि शिसपेन्सिलीपेक्षा बारीक असतात, आणि नियमित छाटणी असेल तर १६ मिलिमीटरचे कोणतेही यंत्र तिच्यावरून लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरते. दुरांताही असाच, फक्त जुन्या फांद्यांना काटे असतात आणि कापलेल्या तुकड्यांवर अनवाणी पाय पडला तर त्रास होतो. ज्यांच्या दारात केवळ ही दोन झाडे आहेत त्यांनी स्वस्तातले हलके यंत्र घ्यावे आणि हा लेख येथेच वाचणे थांबवले तरी चालेल.

मेंदीचे तसे नाही. हाताला लावायची पाने देणारे हे झाड कुंपण म्हणून दहा-पंधरा वर्षांचे झाले की त्याचे आतले लाकूड अतिशय टणक होते आणि जुन्या डहाळ्यांची टोके काट्यांसारखी टोचतात. वरवरची पालवी कोणत्याही यंत्राने निघते, पण एखादी छाटणी चुकली, दोन महिने गेले आणि फांद्या बोटाएवढ्या झाल्या की १६ मिलिमीटरचे पाते तिथे थबकते. जाऊबाईंच्या यंत्राने आमच्या पूर्वेच्या बाजूला हेच केले. पहिल्या पाच मीटरमध्ये ते सात वेळा अडकले, आणि प्रत्येक वेळी प्लग काढून, पात्यातली फांदी पक्कडीने ओढून काढून पुन्हा सुरुवात करावी लागली. यंत्रात दोष नव्हता. ते त्या झाडासाठी बनलेलेच नव्हते. मेंदी, कामिनी किंवा जुनी बोगनवेल यांच्यासाठी किमान २० मिलिमीटर, आणि जमल्यास २२ ते २४ मिलिमीटर अंतर असलेले पाते पाहिजे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

जास्वंदीसाठी मी आता यंत्र वापरतच नाही. तिची साल चिवट आणि तंतुमय असते. पाते कापते त्यापेक्षा ओढते जास्त, आणि ते लांब धागे दात्यांभोवती गुंडाळले जातात. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिची पाने मोठी असल्याने यंत्र ती अर्धवट कापते आणि दोन दिवसांत त्या कापलेल्या कडा तपकिरी पडून सगळे कुंपण करपल्यासारखे दिसते. शिवाय जास्वंदीची फुले नव्या फुटीवर येतात. सपाट छाटणी केली की महिनाभर देवाला फूल मिळत नाही. माळीकाका आजही जास्वंदीची एकेक फांदी सिकेटरने, म्हणजे एका हाताच्या छाटणीच्या कात्रीने, डोळ्याच्या (नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) वर तिरपी कापतात, आणि त्या बाजूचे काम यंत्राला द्यावे असे त्यांना किंवा मला एकदाही वाटलेले नाही.

आणखी दोन झाडांविषयी सांगितले पाहिजे, जी आमच्या आवारात नाहीत पण गावोगाव कुंपणाला असतात. शेराच्या कुंपणावर हे यंत्र कधीही चालवू नये. त्याच्या चिकाने त्वचेची आग होते आणि तो डोळ्यांत गेला तर दृष्टीला इजा होऊ शकते. कोयत्याने कापताना तो थेंबाथेंबाने गळतो, तर यंत्राचे वेगवान पाते त्याचे तुषार कापणाऱ्याच्या तोंडावर उडवते. कण्हेर यंत्राने कापता येते, पण ती सर्वांगाने विषारी असल्यामुळे कापलेला पाला लगेच गोळा करून जनावरांच्या वाटेपासून दूर ठेवावा लागतो. यंत्राने कापताना तुकडे चहूकडे उडत असल्याने, ज्या घरी शेळ्या किंवा गाय आहे त्या घरी कण्हेरीसाठी कात्रीच बरी.

वायरवर चालणाऱ्या यंत्राला मी कमी लेखणार नाही. अडीच किलोच्या आसपास वजन, पाच ते आठ हजारांची किंमत, इंधनाची कटकट नाही आणि बॅटरी म्हातारी होण्याची काळजी नाही. पंचवीस-तीस मीटरपर्यंतच्या कोयनेलीच्या कुंपणासाठी, म्हणजे रो-हाऊस किंवा लहान बंगल्यासाठी, मी डोळे मिटून हेच सुचवेन. अडचण एकच आणि ती म्हणजे वायर. ती नेहमी कापणाऱ्याच्या पाठीमागे, खांद्यावरून टाकलेली असली पाहिजे, आणि काम नेहमी प्लगच्या बाजूने सुरू करून लांब लांब जात केले पाहिजे, म्हणजे पाते आणि वायर यांची दिशा कधी जुळत नाही. हे शिस्तीचे काम आहे आणि थकलेला माणूस शिस्त विसरतो. एक्स्टेंशनची वायर जाड घ्या असे सगळे सांगतात, पण ४२० वॅटचे यंत्र २३० व्होल्टला दोन अँपिअरदेखील प्रवाह घेत नाही, त्यामुळे तांब्याच्या जाडीपेक्षा वायरीवरचे वेष्टण महत्त्वाचे आहे. ते रबरी, चिवट आणि भडक नारिंगी किंवा पिवळ्या रंगाचे असावे. हिरव्या पाल्यात पडलेली काळी वायर दिसत नाही. घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका, बसवलेला नसेल तर यंत्राच्या आधी तो बसवून घ्यावा, कारण वायर कापली गेलीच तर जीव वाचवणारी वस्तू तीच आहे. पावसात किंवा ओल्या पाल्यात हे यंत्र चालवायचे नसते, आणि नेमकी पावसाळ्यातच छाटणी सर्वांत जास्त असते, ही त्याची आपल्या हवामानातली खरी मर्यादा आहे. श्रावणातले ऊन-पावसाचे दिवस पाहता पाने कोरडी होईपर्यंत थांबायचे आणि ती कोरडी झाली की वीज गेलेली असायची, असे आमच्याकडे दोनदा घडले. देखभालीसाठीची वीजबंदी पुणे परिसरात गुरुवारी असते आणि माळीकाकांचा आमच्याकडचा वारही गुरुवारच.

पेट्रोलच्या यंत्राचा मोह मला त्या गुरुवारांमुळेच झाला. संकेतस्थळावर २६ सीसीचे, दोन्ही बाजूंनी धार असलेले यंत्र नऊ हजारांत दिसले. कंपनीचे नाव मी आधी कधी ऐकले नव्हते आणि येथे लिहीत नाही. पहिले दोन महिने त्याने मेंदी सुरेख कापली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग सुरू करण्याची दोरी तुटली. तिच्या आतली स्प्रिंग पुण्यात कुठेच मिळाली नाही, विक्रेत्याने दिलेल्या क्रमांकावर फोन लागला नाही, आणि दुचाकी दुरुस्त करणाऱ्या एका भल्या माणसाने दुसऱ्याच यंत्राची स्प्रिंग वाकवून बसवून दिली तेव्हा ते पुन्हा चालू झाले. पावसाळ्यानंतर तीन महिने ते पडवीत तसेच होते आणि पुढच्या खेपेला दोरी चाळीस वेळा ओढूनही सुरू झाले नाही. कार्ब्युरेटर उघडला तर आत हिरवट चिकट थर बसलेला होता आणि पडदा कडक झालेला होता.

यातला काही भाग त्या स्वस्त यंत्राचा दोष होता, पण काही भाग इंधनाचा आहे आणि तो कोणत्याही कंपनीच्या यंत्राला लागू पडतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळी हवेत टाकी अर्धी ठेवून यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिले की ते पाणी तळाशी उतरते आणि रबराचे व ॲल्युमिनियमचे भाग खराब होऊ लागतात. रोज चालणाऱ्या मोटारसायकलीला हे जाणवत नाही, कारण तिची टाकी आठवड्याभरात रिकामी होते. वर्षातून आठ-दहा वेळाच चालणाऱ्या बागेच्या यंत्राला मात्र ते भोवते. म्हणून पेट्रोलचे यंत्र घेणाऱ्याने काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि उरलेले इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल मिसळण्याचे प्रमाणही यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच पाळावे. ५०:१ म्हटले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ म्हटले असेल तर ४० मिलिलिटर, आणि ते अंदाजाने न ओतता औषधाच्या मापाने मोजून घालावे.

नामांकित कंपन्यांची पेट्रोल यंत्रे याहून फार वेगळ्या दर्जाची असतात, हे नंतर ती हाताळल्यावर कळले. स्टिल या कंपनीचे एचएस ४५ हे २७.२ सीसीचे यंत्र बरीच वर्षे चालत आलेले आहे. होंडाच्या एचएचएच २५ मध्ये २५ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन आहे, त्यामुळे त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावेच लागत नाही. मोठ्या गृहसंकुलांचे किंवा रिसॉर्टचे दोनशे-तीनशे मीटरचे कुंपण ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांची माणसे रोज तेच काम करतात, त्यांच्यासाठी आजही पेट्रोल योग्य आहे. पण पाच किलोचे वजन छातीच्या उंचीवर पेलत अर्धा तास काम करणे म्हणजे काय, हे दुकानात दोन मिनिटे धरून कळत नाही. ज्यांचा खांदा वाचवण्यासाठी आम्ही यंत्र आणले त्या माळीकाकांनी तिसऱ्या खेपेला मला सांगितले, “ताई, कात्रीनं हात दुखायचे, ह्यानं पाठ दुखती. आवाजही डोक्यात बसतो.” त्यानंतर त्यांच्या हाती ते यंत्र पुन्हा देण्याचे माझ्या मनात आले नाही.

बॅटरीच्या यंत्राकडे वळण्यापूर्वी व्होल्टच्या आकड्यांचा घोळ सोडवला पाहिजे, कारण त्यावर पुष्कळ पैसे वाया जातात. दुकानात एका खोक्यावर १८ व्होल्ट आणि शेजारच्या खोक्यावर २० व्होल्ट लिहिलेले असते आणि दुसरे यंत्र जास्त ताकदीचे असल्याचे सांगितले जाते. दोन्हींत लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा कामाचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचा १८. पूर्ण भरल्याबरोबरचा वरचा आकडा धरला की तीच बॅटरी २० व्होल्टची होते. फरक फक्त मोजण्याच्या वेळेचा आहे. दहा सेलांचे ३६ व्होल्टचे यंत्र मात्र खरोखर वेगळे असते. किती वेळ चालेल हे व्होल्टवरून कळत नाही. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की ते कळते. १८ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-अवर म्हणजे ४५ वॅट-अवर, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. आमच्या २.५ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर कोयनेल ४० मिनिटे कापली जाते आणि मेंदी २० ते २५ मिनिटेच. लाकूड जितके कठीण तितकी बॅटरी लवकर उतरते, आणि खोक्यावर लिहिलेली मिनिटे बहुधा भाररहित चाचणीची असतात.

आमचे यंत्र ५० सेंटिमीटर पात्याचे, २० मिलिमीटर अंतराचे आणि बॅटरीसह तीन किलोच्या आत बसणारे आहे. चार्जर आणि एक बॅटरी धरून ते चौदा हजारांना पडले, आणि दुसरी बॅटरी वेगळी घ्यावी लागली. ती घेताना मन जरा खट्टू झाले, कारण एका बॅटरीची किंमत यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. परंतु घरात त्याच कंपनीचे त्याच जातीच्या बॅटरीवर चालणारे ड्रिल आधीच होते, आणि हा विचार निवडीत फार मोलाचा ठरला. एकच बॅटरी ड्रिलला, पाने उडवणाऱ्या ब्लोअरला आणि ट्रिमरला चालत असेल तर नुसते यंत्र, बॅटरीविना, निम्म्या-अर्ध्या किमतीत मिळते. काही हलक्या यंत्रांत बॅटरी आतच कायमची बसवलेली असते. ती दिसायला सुबक असतात, पण तीन-चार वर्षांनी बॅटरी थकली की सगळे यंत्रच निकामी होते, म्हणून ती मी घेऊ नयेत असे म्हणेन.

अमेरिकेत असलेल्या मुलाबाळांकडून किंवा भावाकडून यंत्र मागवण्याचा विचार अनेक घरांत होतो, आमच्याकडेही झाला. त्याबाबत सावध केले पाहिजे. तिकडचा चार्जर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो लावला की जळतो. इकडचा चार्जर त्याच कंपनीचा असला तरी तिकडच्या बॅटरीला बसेलच असे नाही. सुट्या बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, आणि १०० वॅट-अवरपेक्षा मोठ्या बॅटरीला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. एवढे करून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे बहुधा कोणी मानत नाही. त्यापेक्षा भावाला यंत्राऐवजी वेळ काढून इकडे ये म्हणावे.

वापरातला अनुभव सांगायचा तर बॅटरीच्या यंत्राचा आवाज एवढा कमी आहे की शेजारच्या आजी दुपारी झोपलेल्या असतानाही काम करता येते. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात पाने झटकून काम सुरू करता येते, कारण २३० व्होल्टची वायर अंगाशी नसते. तरी भर पावसात ते चालवू नये असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे आणि आम्ही ते पाळतो. मेंदीची बोटाएवढी फांदी यालाही झेपत नाही. मागच्या मार्चमध्ये एका जागी आम्ही जबरदस्ती केली तेव्हा ते बंद पडले आणि गरम झालेली मोटर थंड होईपर्यंत पंधरा मिनिटे पुन्हा सुरू झाले नाही. आता अशा फांद्या आधी सिकेटरने काढून मग यंत्र फिरवतो. एप्रिल-मेच्या उन्हात यंत्र बॅटरीसह अंगणात ठेवून जेवायला जायचे नाही, आणि उन्हातून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, एवढी काळजी तिला पुरते. पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर ती अर्धी भरलेली ठेवावी.

खरेदीच्या वेळी दुकानात यंत्र हातात घेऊन, पाते पुढे करून, घड्याळात पाहून पूर्ण पाच मिनिटे उभे राहावे. वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचे असते. बॅटरी मागच्या मुठीशी असली तर तोल हातात राहतो, आणि पाते पुढे फार लांब असले तर तीन किलोचे यंत्रही पाचाचे वाटू लागते. पुढची मूठ सर्व बाजूंनी धरता येणारी, कडीसारखी असावी, म्हणजे कुंपणाची उभी बाजू कापताना मनगट मुरडावे लागत नाही. दोन्ही हातांनी दोन्ही खटके दाबल्याशिवाय चालणारे यंत्र कधीही घेऊ नये. ही अट बोटे वाचवण्यासाठी आहे आणि काही स्वस्त यंत्रांत एकच खटका असतो. एक हात सोडल्याबरोबर पाते क्षणात थांबते का, हे दुकानातच चालवून पाहावे. आणि याच दुकानात या यंत्राचे नवे पाते वेगळे मिळते का, तेही विचारावे. उत्तर नाही असेल तर मी दुसरे दुकान शोधेन. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात बागेच्या अवजारांचे गाळे असतात. हाताळून पाहायला ती जागा चांगली आहे.

छाटणीच्या पद्धतीविषयी थोडेच सांगते. कुंपण तळाशी रुंद आणि वर अरुंद ठेवावे, नाहीतर वरच्या सावलीत खालचा पाला झडून बुंधे उघडे पडतात; आमच्या कोयनेलीचे तसेच झाले होते आणि ती पुन्हा तळापर्यंत भरायला दोन पावसाळे लागले. उभ्या बाजू खालून वर कापाव्यात म्हणजे कापलेला पाला पुढच्या कामात येत नाही, आणि माथा सर्वांत शेवटी, गवंड्याची दोरी ताणून कापावा. डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट हवेतच.

कापण्याआधी पाच मिनिटे कुंपणातून डोळे फिरवणे हे मात्र मी कधीच चुकवत नाही. पावसाळ्याच्या सुमारास शिंपी पक्षी पाने शिवून घरटे करतो, बुलबुल दाट फांद्यांच्या बेचक्यात वाटीएवढे घरटे बांधतो, आणि फुलोरी मधमाश्या एखाद्या डहाळीला तळहाताएवढे एकच पोळे लावतात. कात्रीने कापणाऱ्याला ते हाताशी येण्याआधी दिसते. यंत्र मात्र एका झोकात अर्धा मीटर पुढे गेलेले असते. गेल्या वर्षी कोयनेलीत बुलबुलाची दोन पिल्ले सापडली, तेव्हा दोन्ही बाजूंना लाल चिंधी बांधून तेवढा तुकडा तीन आठवडे तसाच ठेवला. यंत्राच्या वेगामुळे ही जबाबदारी माझ्या मते वाढते.

काम संपल्यावर बॅटरी काढून पात्यावरचा चीक आणि पाला ब्रशने झटकावा, फडक्याने पुसावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब लावावेत. आमच्याकडच्या दमट हवेत हे एकदा राहिले आणि रात्रीतून पात्यावर तांबूस डाग उठले. वर्षातून एकदा प्रत्येक दात्याच्या तिरप्या कडेवर, मूळचा कोन न बदलता, सपाट कानस तीन-चार वेळा फिरवतो. सपाट बाजूवर कानस लावायची नसते, कारण दोन पट्ट्या एकमेकींना जिथे घासतात ती बाजू तीच आहे. हे काम माळीकाका स्वतः करतात आणि यंत्राला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना आवडत नाही.

एक प्रश्न उरला होता. मेंदीचा शेजाऱ्यांकडचा कोपरा अडीच मीटरपर्यंत उंच गेला आहे आणि तिथे हात पोहोचत नाही. त्यासाठी लांब दांड्याचे, डोके वळवता येणारे ट्रिमर मिळते, आणि ग्रास कटर असणाऱ्यांना त्यालाच जोडायचे ट्रिमरचे डोकेही घेता येते. दुकानदाराने दोन्ही दाखवली. घडीच्या शिडीवर चढून साधे ट्रिमर चालवणे आम्ही करत नाही, कारण दोन्ही हात यंत्रात गुंतलेले असताना तोल गेला तर धरायला काही नसते. पण त्या कोपऱ्यावरून विजेची तारही जाते, आणि तिच्याजवळ धातूचा लांब दांडा नेणे मला मान्य नाही. म्हणून जूनमध्ये पहिले दोन चांगले पाऊस झाले की माळीकाका तो कोपरा करवतीने दीड मीटरवर आणणार आहेत. तिथून पुढे आहे तेच यंत्र पुरेल.